फोटो दाखवावा कसा आणि दुसऱ्याच्या फोटोवर बोलावं कसं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दर रविवारी दादरला दहा-बारा हौशी फोटोग्राफरांबरोबर बसता. गेल्या महिन्यात शिवडीच्या फ्लेमिंगोंचा फोटो दाखवलात. निम्मे लोक ‘मस्त’, ‘झकास’ म्हणाले आणि एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “मागे पूल आलाय. डिलीट करून टाका.” तेव्हापासून तुम्ही फोटो नेणंच बंद केलंत. दुसऱ्यांच्या फोटोवर बोलायची वेळ आली की तुम्हीही ‘मस्त’ म्हणून मोकळ्या होता. टीका करावी कशी आणि घ्यावी कशी, असं विचारलंय. सोबत तो फोटोही पाठवलात, हे फार बरं केलंत. हवेत बोलावं लागणार नाही.

मी तीसेक वर्षं अशा बैठकांना बसतोय. नोकरी बँकेतली, कॅमेरा हौसेचा. माझे फोटो लोकांनी फाडलेत आणि सांगायला लाज वाटते, पण मीही दुसऱ्यांचे फाडलेत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. काढणाऱ्याला स्वतःच्या फोटोत जे दिसतं, त्यातलं निम्मं फोटोत नसतंच. पहाटेचा गजर, हार्बरची रिकामी गाडी, चिखलाचा तो वास, थवा उठला तेव्हा छातीत झालेलं धस्स, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. बघणाऱ्याच्या पुढ्यात नुसती चौकट. या दोहोंत अंतर किती पडलंय, ते आपलं आपल्याला मोजता येत नाही, म्हणून दुसरा माणूस लागतो. त्याचं काम तेवढंच. फोटो चांगला की वाईट हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. तो मात्र बहुतेक वेळा तेच सांगतो.

ही सवय कुठून आली, याचा मला एक संशय आहे. मुंबईत हौशी लोकांनी फोटोसाठी एकत्र जमणं जुनंच. फोटोग्राफीचा शोध युरोपात जाहीर झाला १८३९ साली, आणि १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू नारायण दाजी, दोघेही तिच्यात होते. पुढे १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली. पुढे सलोनचं, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाचं, वळणही आलं. सलोनमध्ये हजारो फोटो येतात, बहुधा तीन परीक्षक बसतात, एकेका फोटोला काही सेकंद मिळतात आणि गुण पडतात. तिथे ते ठीकच आहे, दुसरं करणार काय? पण ज्यांनी उमेदीची वर्षं सलोनला फोटो पाठवण्यात घालवली, ते रविवारच्या बैठकीतही परीक्षक होऊनच बसतात. फोटो समोर आला की तीन सेकंदांत निकाल. तुमचे ज्येष्ठ गृहस्थ त्याच तालमीतले असावेत. माणूस वाईट असेलच असं नाही.

आता तुमचा फोटो. एखाद्या फोटोवर मी कसं बोललो असतो, ते यावरच दाखवतो.

आधी फक्त काय दिसतं ते सांगेन. खालच्या भागात पाण्यात उभे दहा-बारा फ्लेमिंगो, माना खाली. मागे अटल सेतूचे खांब एकामागे एक, धुक्यात विरत गेलेले. दोन खांबांच्या मधे आकाशाचा एक पांढराफटक तुकडा. डाव्या कडेला एका पक्ष्याने पंख उघडलेत आणि त्याचा अर्धा पंख चौकटीबाहेर कापला गेलाय. बस. एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं आणि लोकांना ते बावळटपणाचं वाटतं, ‘दिसतंय की आम्हालाही’ अशा चेहऱ्याने बघतात. पण गंमत बघा, हे मोठ्याने बोलल्याशिवाय मला स्वतःलाच माना खाली असल्याचं लक्षात आलं नव्हतं. तुम्हाला तो कापलेला पंख माहीत होता का? मला वाटतं, नसावा. तुम्ही त्या क्षणी थव्याकडे बघत होतात, कडेला नाही.

मग माझी नजर कुठे गेली ते सांगेन. पहिल्यांदा त्या पांढऱ्या तुकड्यावर, तिथून उडी मारून कापलेल्या पंखावर, आणि पक्ष्यांच्या रांगेवर सगळ्यात शेवटी. हे माझं मत नाही, घडलेली गोष्ट आहे, त्यामुळे यावर वाद होत नाही. तुम्हाला पक्षी आधी दिसायला हवे असतील, तर फोटो आणि तुमचा मनसुबा यांच्यात काहीतरी बिनसलंय. ते तुमचं तुम्हीच ताडू शकता.

त्यानंतर प्रश्न: पूल तुम्हाला हवा होता की आला? सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. ज्येष्ठांनी तो विचारलाच नाही. त्यांच्या मनातली शिवडी पूल नसलेली आहे, माझीही आहे. २०१८ च्या आधी काढलेले माझे ढीगभर फोटो पडलेत, नुसतं पाणी आणि पक्षी. पण जानेवारी २०२४ पासून तिथून गाड्या धावतायत. आता पूल टाळून फोटो काढणारा पक्ष्यांचा फोटो काढतो, शिवडीचा नाही. तुमच्या चौकटीत खांबांची रांग आणि पक्ष्यांच्या पायांची रांग एकाच तालात आलीय. ते योगायोगाने झालं असं मला वाटत नाही. तुमचा विषय पूलच असेल तर ‘मागे पूल आलाय’ ही टीका या फोटोवरची नव्हेच. ते स्वतः काढतील त्या फोटोबद्दल बोलत होते.

आणि शेवटी एक गोष्ट सुचवेन. एकच. तुमचे पक्षी धड काळे नाहीत, धड गुलाबी नाहीत. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी सूर्य समोर असतो, पक्षी अंधारात जाणारच. गुलाबी हवे असतील तर दुपारी चारनंतर जा, ऊन पाठीमागून पडेल. भरतीचं वेळापत्रक बघून जा; भरतीच्या आधी-नंतरच्या दोनेक तासांत पाणी पक्ष्यांना किनाऱ्याजवळ ढकलतं. आणि सकाळच हवी असेल तर मग घाबरू नका. आकाशावर मीटर करा, म्हणजे कॅमेऱ्याला उजेड आकाशाचा मोजू द्या, पक्षी आणि खांब दोन्ही पूर्ण काळे होऊ द्या. तो पांढरा तुकडाही आपोआप आवाक्यात येईल. अधलंमधलं काही ठेवू नका.

बाकी बऱ्याच बारीक गोष्टी मी गिळून टाकेन. क्षितिज उजवीकडे अंशभर झुकलंय, सरळ खांबांमुळे ते चटकन जाणवतं, ही मात्र गिळणार नाही. ती घरी बसून दहा सेकंदांत सुधारते. ज्येष्ठांना पहिल्यांदा खटकलं ते हेच असावं असा माझा अंदाज आहे. फोटोत काहीतरी खुपत होतं, काय ते नीट पकडता आलं नाही, म्हणून डोळ्यांसमोर जे मोठं होतं त्यावर, म्हणजे पुलावर, राग निघाला. असं फार वेळा होतं.

टीका घेण्याची किल्ली इथेच आहे. ठेच कुठे लागली हे बघणारा बरोबर सांगतो, कशाची लागली हे तो बऱ्याचदा चुकीचं सांगतो, आणि दगड कसा हलवायचा याबाबत तर तो जवळपास नेहमीच स्वतःच्या घराचा रस्ता सांगतो. एकाला ठेच लागली तर वहीत लिहून ठेवा. पाचांतले तीन जण एकाच जागी अडखळले तर तिथे दगड आहे, मग त्यांचे तीन उपाय एकमेकांच्या उलट असेनात का.

माझा स्वतःचा धडा दादरच्या फुलबाजारातला. रोलचा जमाना, ब्लॅक अँड व्हाइट, छत्तीस फ्रेम्स पुरवून पुरवून वापरायच्या. गजरे ओवणाऱ्या एका बाईचा फोटो मला लागला असं वाटलं. बाथरूममध्ये खिडकीला कांबळं लावून प्रिंट केली आणि ऐटीत बैठकीला नेली. आमच्यातल्या एका वयस्कर काकांनी ती हातात घेतली आणि चक्क उलटी धरली. डोकं खाली, पाय वर.

“आता सांग, काय दिसतंय?”

मी म्हटलं, “काका, उलटं काय दिसणार?”

“तेच विचारतोय. काय दिसतंय?”

कोपऱ्यात थर्माकोलचा पांढरा खोका दिसत होता. दुसरं काही दिसतच नव्हतं. सरळ धरल्यावर बाईच्या चेहऱ्यामुळे मी त्याच्याकडे काणाडोळा करत होतो, बघणारे करत नव्हते. मी अर्थातच हुज्जत घातली. तिथे किती गर्दी होती, हलायला जागा नव्हती, ती बाई कशी हसत होती, सगळं सांगितलं. काका ऐकत राहिले आणि म्हणाले, “हे सगळं प्रिंटच्या मागे लिहून आण.” घरी येऊन पुन्हा प्रिंट केली, कोपऱ्याला जास्त उजेड देऊन खोका काळा केला (प्रिंटच्या कागदावर जितका उजेड जास्त, तितका तो काळा). मग लक्षात आलं की तरीही फोटो होत नाहीये, कारण ओवणारी बोटं टोपलीच्या आड गेलीत. गजरा ओवतेय हेच दिसत नाही. त्यावर काहीच इलाज नव्हता. तो फोटो आजही माझ्याकडे आहे आणि तो झालेला नाही.

उलटं धरण्याची ही युक्ती फोनवरही चालते. आडवा फिरवून आरशातल्यासारखा बघा, रंग काढून बघा, नखाएवढा करून बघा. ओळखीचा फोटो अनोळखी झाला की खोके दिसायला लागतात. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडेही बाळगा, प्रिंटवर सरकवून कुठे कापलं तर बरं दिसेल ते न कापताच कळतं. क्रॉप हे पाप मानणारा एखादा तुमच्या गटात असेलच. तो ज्यांचं नाव घेतो, त्या फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ मधला, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटोही कापलेला आहे. डावीकडे कुंपणाची फळी येत होती.

तर, फोटो दाखवताना गप्प बसा. निदान पहिली पाच मिनिटं. सगळ्यात अवघड काम हेच आहे. तोंड उघडलंत की बघणारा तुमची गोष्ट ऐकायला लागतो आणि फोटो बघणं थांबवतो. ‘कसा वाटला?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘मस्त’ हेच असतं, आपल्याकडे लग्नाच्या जेवणालाही कुणी वाईट म्हणत नाही. ‘नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा. पंधरा फोटो नेऊ नका, तीन न्या. आणि त्यांतल्या एखाद्याच्या आधीच्या-नंतरच्या चार-पाच फ्रेम्सही न्या. आम्ही पूर्वी कॉन्टॅक्ट शीट न्यायचो, छत्तीसच्या छत्तीस फ्रेम्स एका कागदावर. त्यात माणूस उघडा पडायचा. कुठे घाई केली, कुठे दोन पावलं पुढे जायचं टाळलं, सगळं दिसायचं. आता लोक हजारातला एक निवडून, चोपडून आणतात आणि मग आपण बोलायचं कशावर?

एक तांत्रिक गोष्ट, कारण यावरून फुकट भांडणं होतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. त्यावरून ‘शार्प नाही’ म्हणणाऱ्याला मूळ फाइल दाखवा. प्रोजेक्टरवर सावल्या धुतल्यासारख्या दिसतात, फोनवर ब्राइटनेस पूर्ण असला की सगळंच उजळ दिसतं आणि त्याचीच प्रिंट काढली की काळी येते. उजेडाबद्दल बोलायचं तर आधी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघावा किंवा निदान प्रिंट हातात घ्यावी.

बोलताना काय टाळायचं, हे मला माझ्याच चुकीवरून सांगावं लागेल. आमच्या बैठकीला मुलुंडहून एक बाई यायच्या. एकदा त्यांनी फोटो दाखवला: स्वयंपाकघराची खिडकी, ग्रिल, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मागे करडं आकाश. मी तेव्हा बैठकीतला जाणकार. म्हटलं, “ताई, कपडे बाजूला करायचे ना, मागची झाडं छान आली असती. आणि जरा घराबाहेर पडा.” लोक हसले. त्या “बरं” म्हणाल्या आणि पुढच्या रविवारपासून आल्या नाहीत. वर्षभराने त्यांच्या शेजारणीकडे ते सगळे फोटो मला बघायला मिळाले. तीच खिडकी, त्याच जागेवरून, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. तोच निळा टॉवेल जुलैभर ओला. चार महिन्यांत एकदाही कपडे वाळलेले नव्हते. मुंबईच्या पावसाळ्यावरचं इतकं खरं काम मी आमच्या गटात त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मी कपडे बाजूला करायला सांगितलं होतं. ‘ही एकच फ्रेम आहे की आणखी आहेत?’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

त्यामुळे आता कुणी खिडकी, भिंत, चपला असा ‘काहीच नसलेला’ फोटो आणला की मी आधी तो प्रश्न विचारतो. आणि ‘रूल ऑफ थर्ड्स’ (चौकटीचे रेघांनी तीन-तीन भाग पाडून विषय त्या रेघांवर ठेवायचा नियम) नुकताच शिकलेला माणूस पुढची दोन वर्षं तरी धोकादायक असतो, हेही सांगून ठेवतो. त्याला प्रत्येक फोटोत रेघा दिसतात. डोक्यातून दिव्याचा खांब निघालाय हे जरूर सांगावं, पण ते सांगून झालं म्हणजे फोटोबद्दल बोलून झालं असं नाही. समजा, मरीन ड्राइव्हच्या पावसात भिजणाऱ्या पोराचा फोटो आहे आणि त्याच्या डोक्यातून खांब निघालाय, हे खरं. पण तो पोरगा लाटेकडे न बघता कॅमेऱ्याकडे का बघतोय, हा खरा प्रश्न. तो दोन पावलं सरकून सुटत नाही.

नव्या माणसाशी मी हळू बोलतो, जुन्याशी थेट. सगळ्यांदेखत काय बोलायचं आणि बाहेर चहाच्या टपरीवर काय, हेही बघतो. मात्र दोन बाबतींत मी आवाज खाली घेत नाही. टाळ्या वाजवून किंवा चिखलात उतरून थवा उठवला आणि उडतानाचा फोटो मिळवला, तर त्याच्या कॉम्पोझिशनबद्दल मी एक अक्षर बोलत नाही, आधी त्याबद्दल बोलतो. तसंच फुटपाथवर झोपलेल्या माणसाचा लांब लेन्सने चोरून घेतलेला, वर काळा-पांढरा करून ‘आर्टिस्टिक’ केलेला फोटो. याच शहरात फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जाऊन काम केलं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. कष्ट आणि गरिबी टिपूच नये असं कुणीच म्हणत नाही. पण ‘त्या माणसाशी बोललात का?’ हा प्रश्न शटरस्पीडच्या आधीचा आहे. यावर गटातले दोघं माझ्यावर वर्षभर रुसले होते. रुसोत.

‘मस्त’बद्दल एक. तो शब्द टाकू नका, त्याला शेपूट लावा. ‘मस्त, तिची सावली भिंतीवर मोठी पडलीय म्हणून.’ एवढ्याने समोरच्याला कळतं की आपलं काय जमलं. जमलेलं काय हे माहीत नसलं की माणूस पुढच्या वेळी तेच सुधारायला जातो आणि घालवून बसतो. मी सावल्यांत चांगला होतो हे मला कुणी सांगितलंच नाही, मी पाच वर्षं त्या उजळत बसलो.

आता तुमचे ते ज्येष्ठ. त्यांना टाळू नका. फोटो सरळ करा, आठ बाय बाराची प्रिंट काढा आणि पुढच्या रविवारी त्यांच्याच हातात द्या. ‘डिलीट’चा विषय काढू नका. विचारा, “काका, नजर आधी कुठे जाते?” परीक्षकाला प्रश्न विचारला की तो बहुधा खुर्चीतून खाली उतरतो. नाही उतरले तर प्रिंट घ्या आणि शेजारच्याला तोच प्रश्न विचारा.

आणि जाण्याआधी त्या सकाळच्या फाइल्स पुन्हा एकदा चाळा. तो पक्षी पंख उघडत होता, तुम्ही बटण दाबून धरलं असणार. पंख पूर्ण आत असलेली फ्रेम तुमच्याकडे आहे, असा माझा अंदाज आहे. थवा त्यात जरा कमी देखणा दिसला असेल, म्हणून तुम्ही ती बाजूला टाकली असेल.